दृष्टान्त मोबाइलवरचे

बालमित्रांनो, नेवाशाचा पैस खांब पाहिलाय? या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, असं मानतात. साल १२९०. संस्कृतातली गीता साध्या माणसांना कळावी, म्हणून त्यांनी ती मराठीत आणली. जिथं अर्थ अवघड, तिथं दृष्टान्त दिला; कधी दिव्याचा, कधी पाण्याचा, कधी आई-लेकराचा. दृष्टान्त ऐकला की गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहते.

आता २०२० साल आठवा. कोरोनाची साथ आली, शाळांना कुलूप लागलं. गर्दी करायची नव्हती, म्हणून सभा बंद. मग पुढारी मोबाइलच्या पडद्यावरूनच घरात येऊ लागले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुकवरून बोलत, पंतप्रधान नरेंद्र मोदी ट्विटरवरूनही आवाहन करत.

त्यांचे शब्द नीट पाहा बरं! २२ मार्चला 'जनता कर्फ्यू' झाला. कर्फ्यू म्हणजे संचारबंदी, ती सरकार लावतं. पण पुढे 'जनता' जोडलं, की सक्तीचा शब्द आपखुशीचा होतो. २५ मार्चला मोदी म्हणाले, महाभारताचं युद्ध १८ दिवसांत जिंकलं, हे २१ दिवसांत जिंकायचा प्रयत्न आहे. ऐकून धीर आला. पण विषाणू काही दिवस मोजत नाही. टाळेबंदी पुढे वाढतच गेली. जूनमध्ये व्यवहार उघडताना ठाकऱ्यांनी 'पुनश्च हरिओम' म्हटलं. हे टिळकांच्या १८९९ सालच्या अग्रलेखाचं नाव!

सप्टेंबरात राज्यात मोहीम निघाली, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. आरोग्य पथकं घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजनची पातळी तपासू लागली. 'माझी' म्हटल्यावर घरातलं पोरसुद्धा आजोबांना मास्कची आठवण करू लागलं. घोषणा छानच. पण एप्रिल २०२१ मध्ये देशभर ऑक्सिजनचा तुटवडा पडला, तेव्हा कळलं की मास्क घरचे लावतील, हात धुतील. पण रुग्णालयातली खाट आणि ऑक्सिजन कुठल्या कुटुंबानं आणायचा? ती जबाबदारी सरकारचीच.

म्हणजे गोड शब्द वाईट का? मुळीच नाही! भ्यालेल्या माणसाला धीर लागतोच. फक्त पुन्हा कधी असा संदेश आला, तर आई-बाबांबरोबर बसून दोन प्रश्न विचारा. यातून नेमकं काय करायचं ते कळलं का? आणि आमचं काम सांगितलं तसं सरकारनं आपलंही सांगितलं का?

खरा दृष्टान्त अर्थ उजळतो. नुसता चमकणारा शब्द डोळे दिपवतो!