हात द्यावा, पण कसा?

धुळ्यातल्या आमच्या वस्तीत वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असते. सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी, वयाने मोठ्या पण आमच्या मैत्रीणच, अचानक यायच्या थांबल्या. घरी गेलो तेव्हा कळले, मोरीत दोनदा पडल्या होत्या. सुनेलाही सांगितले नव्हते. शिवाय विहाराच्या पायऱ्या उतरताना आम्ही दोघींनी दोन्हीकडून त्यांचे दंड आवळून धरले होते. त्या म्हणाल्या, "पोरींनो, तुम्ही पाय टेकू देत नाही. तुमच्या मायेचीच भीती वाटते."

आम्ही नर्सिंग शिकलेल्या, तरी चुकलो. तेव्हा चाळीसगाव आठवले. १९२९ साली बाबासाहेब तिथे उतरले, तेव्हा त्यांना महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा मिळाला, पण हाकायला आपल्यातलाच एक जण बसला. त्याने टांगा कधी हाकला नव्हता. पुलावर चाक दगडाला आदळले, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. मूळ दोष अस्पृश्यतेचा. पण पाहुण्याचा मान जपताना सुरक्षितता विसरली गेली, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. माया हवीच, रीतही शिकायला हवी.

चालताना : ओढू नका, दंड धरू नका. अशक्त बाजूला, किंचित मागे उभे राहा आणि त्यांना तुमचे कोपर धरू द्या. जिना चढताना तुम्ही मागे, उतरताना एक पायरी पुढे. तोल गेलाच तर वर खेचू नका. अंगाशी घेऊन, डोके सांभाळत हळूच खाली बसवा.

पडल्यावर : लगेच उचलू नका. मांडीत, खुब्यात दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर उभे करू नका, चोळू नका. १०८ ला फोन करा. डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरे वाटत असले तरी दवाखान्यात न्या.

घरात : मोरी कोरडी ठेवा, झिजलेली चप्पल फेका, रात्री दिवा किंवा बॅटरी उशाशी ठेवा. उठताना आधी खाटेवर मिनिटभर बसावे. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळीने चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा; गोळी स्वतः बंद करू नका. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले तरी चक्कर येते. डोळे तपासून घ्या. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून रोज दहा वेळा उठा-बसायला लावा. मांड्यांत ताकद येते.

काठी : हात सरळ सोडल्यावर मूठ मनगटापाशी यावी, खाली रबर असावे. अधू पायाच्या विरुद्ध हातात धरावी. ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळण्याची सोय आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

मावशी आधी काठीला नाही म्हणाल्या. "लोक म्हातारी म्हणतील." आम्ही भांडलो नाही. काठी दाराशी ठेवली आणि रोज संध्याकाळी कोपर पुढे करून उभ्या राहिलो. आठवड्याने त्यांनीच काठी उचलली.

अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः आंघोळ घातली. त्याला कोणी विचारत नव्हते, हे त्यांना खटकले. तुमच्या विहारात यायचे कोण थांबले आहे? या रविवारी त्यांच्या घरी जा आणि हळूच विचारा, "पडलात का?" पडलेले माणूस आपणहून सांगत नाही.

जयभीम!