सॅमनच्या पिंजऱ्यातील मदतनीस : चिकटणारा लंपफिश

उत्तर अटलांटिक महासागराच्या थंड पाण्यात लंपफिश हा गोलसर, काहीसा बेढब मासा आढळतो. त्याचे शास्त्रीय नाव सायक्लोप्टेरस लंपस. अंगावर खवल्यांऐवजी कठीण गाठींच्या रांगा असतात आणि पोहण्यात तो मंदच असतो. मात्र पोटाखालच्या परांच्या जोडीचे रूपांतर चूषक चकतीत झालेले असते. चकतीची कड पृष्ठभागावर टेकवून आतील दाब कमी केला की मासा खडकाला किंवा शैवालाच्या पात्याला घट्ट बसतो व प्रवाहात शक्ती न दवडता टिकून राहतो. मादी अर्ध्या मीटरपर्यंत वाढते. परंतु काही सेंटीमीटरची पिल्ले किनाऱ्यालगतच्या शैवालांत चिकटून वाढतात. अंड्यांची राखण नर करतो.

नॉर्वे व स्कॉटलंडमधील सॅमन उत्पादकांना सागरी उवांनी जेरीस आणले आहे. हा कवचधारी परजीवी सॅमनचा चिकट स्राव, त्वचा व रक्त यांवर जगतो आणि अनेक औषधांना तो दाद देईनासा झाला आहे. म्हणून उवा टिपून खाणारे मासे पिंजऱ्यात सोडले जातात. पूर्वी त्यासाठी रास जातीचे मासे वापरले जात. पण ते हिवाळ्यात सुस्तावतात. लंपफिश थंडीतही खात राहतो, शिवाय त्याचे बीज उबवणी केंद्रात तयार करता येते.

तथापि प्रत्येक लंपफिश उवा खातोच असे नाही. जाळ्यावर शेवाळ व इतर जीव माजले की तो तेच खातो. त्यामुळे जाळी स्वच्छ ठेवणे क्रमप्राप्त ठरते. विसाव्यासाठी गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. त्याकरिता प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे कृत्रिम शैवाल पिंजऱ्यात टांगतात. इतके करूनही रोग, हाताळणी व उघड्या पाण्यातील जोरदार प्रवाह यांमुळे हे मासे मोठ्या प्रमाणावर मरतात. उपचाराचे साधन म्हणून आणलेला मासा हादेखील पाळीव जीवच आहे, हे तेथील व्यवसायाने उशिरा ध्यानात घेतले. नॉर्वेत या मरतुकीवरून या पद्धतीवर कठोर टीका झाली आहे.

भारतीय समुद्रातील पिंजऱ्यांत जिताडा, कोबिया असे उष्ण पाण्यातील मासे वाढविले जातात; त्या तापमानात लंपफिशचा निभाव लागणार नाही. जिताड्यावरही कॅलिगस गटातील उवा आढळतात. तेथे जाळ्यांची स्वच्छता, माशांची माफक दाटी आणि नियमित तपासणी यांवरच प्रथम भर द्यावा लागतो.