पेटुनियाचं पांढरं फूल आणि उदाहरणाचा प्रश्न

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने हेदवीत उभं राहून पेटुनियावर बोलायचं, म्हणजे काहींना वाटेल की विषय चुकला. फूल हे आमचं निमित्त आहे. विचार करायचा आहे तो उदाहरणाचा. एक वस्तू नीट पाहून तिच्यासारख्या हजारो वस्तूंबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

न्यायशास्त्रात हा प्रश्न फार जुना आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणून आपण म्हणतो तिथे आग आहे. कशावरून? तर जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. डोंगर लांब असतो, चूल डोळ्यांसमोर असते. जनुकशास्त्रात ज्याला 'मॉडेल प्लांट' म्हणतात, ती हीच चूल. सगळ्या वनस्पतींबद्दल जे जाणून घ्यायचं ते आधी तिच्यात पाहायचं.

मग पेटुनियाच का? मूळची ती दक्षिण अमेरिकेची. कुळ वांग्या-मिरचीचं, धोतऱ्याचं. धोतऱ्याचं फूल लहान करून रंगवलं की साधारण पेटुनिया झाली. आपण कुंडीत लावतो ती एकोणिसाव्या शतकात युरोपात तयार झालेली संकरित जात. तिचा एक पूर्वज पांढरा, रात्री सुगंध सोडून पतंगांना बोलावणारा. दुसरा जांभळा, मधमाश्यांचा. बी पेरल्यापासून सुमारे तीन महिन्यांत फूल येतं, एका बोंडात शंभरावर बिया मिळतात, आणि पानाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत अख्खं रोप उभं राहतं. हेच हापूसवर करायला गेलात, तर कोय रुजवून मोहराची वाट पाहता पाहता संशोधकाची निम्मी नोकरी संपेल! पण सगळ्यांत मोठा गुण वेगळाच आहे. तिचा रंग नुसत्या डोळ्यांना दिसतो, आणि रंग गेला तरी झाड मरत नाही. म्हणजे जनुकात झालेली गडबड पाकळीवर उघड वाचता येते.

आता तो प्रसिद्ध प्रयोग. कॅलिफोर्नियात कॅरोलिन नेपोली, क्रिस्टीन लेम्यू आणि रिचर्ड जॉर्गेनसेन यांना जांभळी पेटुनिया अधिक गडद करायची होती. हा रंग तयार होताना 'चाल्कोन सिंथेज' नावाचं एन्झाइम लागतं. त्याचं जनुक झाडात असतंच. त्यांनी त्याची आणखी एक प्रत आत घातली. हिशेब सरळ होता: जनुक जास्त, तर रंग जास्त. पण जादा प्रत मिळालेल्या झाडांपैकी 42 टक्के झाडांना पांढरी, नाहीतर जांभळ्यावर पांढरे पट्टे-ठिपके असलेली फुलं आली. ज्या शेकडो झाडांत हे जनुक घातलंच नव्हतं, त्यांतल्या एकातही असं झालं नाही. म्हणजे योगायोग म्हणून सोडून देण्याची सोय राहिली नाही. आत पाहिलं तर नवं जनुक गप्प होतं, आणि झाडाचं स्वतःचं मूळ जनुकही त्याच्याबरोबर गप्प झालेलं! 1990 साली हे प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या एका गटानेही असाच अनुभव छापला.

इथे न्यायशास्त्रातला एक शब्द घेऊया: उपाधी. विद्यापीठाची नव्हे, न्यायातली. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे खरं. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे मात्र खरं नाही. लोखंडाचा गोळा लाल तापवा, अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायला ओलं लाकूड लागतं. चुलीत ते नेहमीच असतं म्हणून आपल्या लक्षात येत नाही. असा नियमामागे लपलेला अटीचा खुंटा म्हणजे उपाधी. 'जनुक जास्त तर रंग जास्त' या नियमालाही अशी एक अट होती, आणि पांढऱ्या पेटुनियाने लोखंडाच्या गोळ्यासारखी ती उघडी पाडली. आमच्या मते नमुना वनस्पतीची खरी किंमत इथे कळते. नियमाला हो म्हणणारी उदाहरणं ढिगाने मिळतात.

ती अट कोणती, हे कळायला काही वर्षं गेली. जनुकातला मजकूर संदेशवाहक आरएनए पेशीत नेतो आणि त्यावरून एन्झाइम बनतं. संशयास्पद, दुपेडी आरएनए आढळला की पेशी त्याचे बारीक तुकडे करते, आणि ते तुकडे ओळखपत्रासारखे वापरून तसल्याच मजकुराचा प्रत्येक संदेश शोधून नष्ट करते. वनस्पतींचा विषाणूंविरुद्धचा हा पहारा आहे. 1998 मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीत दुपेडी आरएनएचं हे काम दाखवलं. 2006 चं नोबेल त्यांना मिळालं. आज माणसाच्या काही आजारांवर याच तत्त्वाची औषधं आहेत. पहिल्या औषधाला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली.

जर्मनीतल्या कोलोनची गोष्टही थोडक्यात सांगतो. तिथे मक्याचं जनुक घालून विटकरी-नारिंगी पेटुनिया केली होती. 1990 साली ती हजारोंनी उघड्या शेतात लावली, तर हंगामाच्या सुरुवातीची फुलं रंगीत आणि त्याच झाडांची नंतरची फुलं फिकट. प्रयोगशाळेत न दिसलेली उपाधी शेतात सापडली.

आता आपल्या जवळ, तुर्भ्याला येऊ. भाभा अणुसंशोधन केंद्रात घाग, शेखावत आणि गणपती यांनी केळीच्या मर रोगावर काम केलं. मर म्हणजे फ्युजेरियम बुरशी. ती मुळांतून शिरते आणि अख्खं झाड बसतं. खाण्याच्या केळ्यात बी नसतं, त्यामुळे संकर करून प्रतिकारक जात काढणं फार अवघड. पेटुनियाच्या फुलात बुरशीला रोखणारी 'डिफेन्सिन' नावाची छोटी प्रथिनं असतात. त्यांची जनुकं या गटाने केळीत घातली. ते काम 2012 साली प्रसिद्ध झालं. पुढे 2014 मध्ये त्यांनी दुसरी वाट घेतली. बुरशीच्याच अत्यावश्यक जनुकांना गप्प करणारा आरएनए केळीकडून तयार करवून घेतला. म्हणजे पेटुनियाला पांढरं करणारी तीच यंत्रणा. निवडक झाडं हरितगृहात बुरशी देऊनही 8 महिने रोगाच्या लक्षणांपासून मुक्त राहिली.

तेव्हा वाडीत केळी लावणाऱ्यांनी विचारायला हवं ते हे. हरितगृहाच्या कुंडीत पावसाळ्यातलं साचलेलं पाणी होतं का? मातीत एकाच जातीची बुरशी होती की अनेक? मुनव्यांवरून पुढच्या पिढ्या केल्या, तर गुण टिकतो का, की कोलोनच्या फुलांसारखा फिका पडतो?