फाटकाला कसं कळतं, मध्ये कोण आहे ते?

बालमित्रांनो, आपोआप सरकणारं फाटक तुम्ही पाहिलंच असेल. वॉचमनकाकांनी बटण दाबलं, की भलंमोठं लोखंडी फाटक रुळावरून सरसर बाजूला होतं. गाडी आत आली, की पुन्हा बंद! अगदी अलिबाबाच्या गुहेचं दारच जणू. पण समजा, फाटक बंद होत असताना मध्येच एखादा मुलगा आला, तर? फाटकाला डोळे नाहीत. वजन मात्र कित्येकदा ३००-४०० किलो!

म्हणून फाटकाला दोन पहारेकरी दिलेले असतात. पहिला पहारेकरी म्हणजे किरण. एका खांबावरची छोटी डबी डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडते. समोरच्या खांबावरची डबी ते टिपते. मध्ये कुणी आलं की किरण अडतात आणि फाटक थांबतं. पण हा पहारेकरी फक्त एका सरळ रेषेवर लक्ष ठेवतो. त्या रेषेच्या खालून मांजर सहज निसटतं. खाली वाकलेलं लहान मूलही त्याला दिसेलच असं नाही.

दुसरा पहारेकरी मोटरमध्येच दडलेला असतो. मोटरचं दंतचक्र फाटकाच्या दातेरी पट्टीला ढकलतं, म्हणून फाटक सरकतं. तुम्ही सायकलवरून सपाट रस्त्याने जाता, तेव्हा दम लागत नाही. चढ आला की वेग कमी होतो आणि धाप लागते. मोटरचंही तसंच. वाटेत काही अडलं, की तिचा वेग मंदावतो आणि ती जास्त वीज ओढते. पेटीतलं यंत्र हे ओळखतं, मोटर थांबवतं किंवा फाटक उलट फिरवतं.

पण किती धाप लागली म्हणजे थांबायचं? हे ठरवण्यासाठी पुष्कळ फाटकांच्या पेटीत एक छोटासा स्क्रू असतो. काहींमध्ये बटणं असतात. एका बाजूला फिरवला, तर फाटक इतकं हळवं होतं, की जोराच्या वाऱ्यानेही मागे फिरतं. दुसऱ्या बाजूला फिरवला, तर ते आडदांड होतं. समोर काहीही येवो, ढकलतच राहतं.

आता खरी गोम ऐका. पावसाळ्यात रुळात चिखल साचतो, खडे अडकतात. फाटक अर्ध्यावर येतं आणि मागे जातं. बाहेर गाड्यांचे हॉर्न सुरू होतात. मग कुणीतरी म्हणतं, "अहो, जरा जोर वाढवा की!" स्क्रू फिरतो, फाटक झोकात चालू लागतं आणि सगळे खूश होतात. पुढे चिखल जातो, जोर मात्र वाढलेला तो वाढलेलाच! चिखलाला जुमानत नाही, ते फाटक मुलाला तरी कसं जुमानेल?

ही नुसती भीती नाही. २०१० साली ब्रिटनमध्ये एका आठवड्याच्या आत मँचेस्टर आणि ब्रिजेंड या दोन ठिकाणी पाच-सहा वर्षांच्या दोन मुली अशा फाटकांत सापडून दगावल्या. ब्रिजेंडच्या फाटकाचा जोर ठरलेल्या मर्यादेत नव्हता, असं चौकशीत निघालं. काम पाहणाऱ्या कंपन्यांना दंड झाला. पण दंडाने मूल थोडंच परत येतं?

युरोपातल्या नियमानुसार, बंद होत आलेल्या फाटकाचा दाब ४०० न्यूटनपेक्षा जास्त असता कामा नये आणि पाऊण सेकंदाच्या आत तो उतरला पाहिजे. ४०० न्यूटन म्हणजे अंदाजे ४० किलो वजनाचा भार. हा दाब मोजायचं खास उपकरण असतं.

मग स्क्रू फिरवायची योग्य रीत कोणती? आधी वीज बंद करायची, मोटर किल्लीने मोकळी करायची आणि फाटक हाताने ढकलून पाहायचं. जड गेलं, तर दोष स्क्रूचा नाही, रुळाचा किंवा चाकांचा. रूळ झाडायचा, चाकं तपासायची, डब्यांवरची कोळिष्टकं पुसायची. मग जोर कमीत कमी ठेवून सुरुवात करायची आणि फाटक पूर्ण सरकेल इतकाच, थोडा थोडा वाढवायचा. शेवटी दाब मोजायचा. हे काम जाणकार तंत्रज्ञाचंच. घरच्यांनी किंवा तुम्ही करायचं नाही.

वर्गात आम्ही ताणकाट्याने एक लाकडी ठोकळा ओढून पाहिला. गुळगुळीत बाकावर काटा थोडाच सरकला. वाळू पसरली तशी तो पुढे गेला. तुम्हीही करून पाहा, म्हणजे रुळातल्या चिखलाची करामत लगेच कळेल.

फाटकावर मात्र प्रयोग नको हं! त्याला लोंबकळायचं नाही, गजांतून हात घालायचा नाही आणि बंद होताना धावत आत शिरायचं नाही. चेंडू पलीकडे गेला, तर फाटक पूर्ण थांबेपर्यंत थांबा.

आणि आईबाबांनो, सोसायटीच्या पुढच्या सभेत एकच प्रश्न विचारा : आपल्या फाटकाचा जोर शेवटचा कधी तपासला? उत्तर मिळालं नाही, तर तपासेपर्यंत मोटर मोकळी करून फाटक हाताने ढकला. थोडे कष्ट पडतील, पण मुलं निर्धास्त खेळतील.