आजोबा, मीठ आणि रण

“मीठ बघायला कोणी आठशे किलोमीटर जातं का?” हा आईचा प्रश्न. पण माझे आजोबा भाईंदरच्या मिठागरात तीस वर्षं राबले, आणि माणसाचा हात न लागता तयार झालेलं मीठ त्यांना एकदा तरी बघायचं होतं. झालं! डिसेंबरातल्या एका पहाटे आमची गाडी मीरा रोडहून निघाली आणि काशिमिऱ्याला हायवेला लागली. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!)

पहिला मुक्काम अहमदाबाद. खरी मजा दुसऱ्या दिवशी, हळवदच्या पुढे. उजव्या हाताला छोटं रण आणि समोर रस्त्यावर चक्क पाणी! जवळ गेलं की गायब. डांबर तापलं की त्याला लागून असलेली हवा विरळ होते, वरून येणारा प्रकाश तिच्यात वाकून पुन्हा वर वळतो आणि रस्त्यावर आपल्याला आकाश दिसतं. हेच ते मृगजळ. फिजिक्सच्या पेपरात दोन मार्कांना लिहिलं होतं, बघितलं पहिल्यांदाच.

सूरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेली भचाऊ आणि भुज आता नव्याने उभी आहेत. भुजहून धोरडो ऐंशीएक किलोमीटर. वाटेत भिरंडियाराचा मावा चुकवू नका, बरं का!

धोरडोला २००५ पासून रण उत्सव भरतो. हिवाळ्यात तिथे तंबूंचं अख्खं शहर वसतं. ढोल, गरबा, उंटगाड्या, नुसती धमाल. पण तिथून पुढे गेलात की फक्त पांढरं.

हे राजस्थानसारखं वाळूचं वाळवंट नव्हे. इथे पूर्वी समुद्र होता, नद्यांच्या गाळाने तो भरत गेला. १८१९ च्या भूकंपात उत्तरेला जमीन उचलली जाऊन ‘अल्लाह बंद’ तयार झाला आणि सिंधूचं इकडे येणारं पाणीही अडलं. पावसाळ्यात समुद्राचं आणि नद्यांचं पाणी इथे पसरतं, चिकण गाळामुळे मुरत नाही, हिवाळ्यापर्यंत उडून जातं आणि मीठ उरतं. म्हणजे एक अवाढव्य मिठागरच.

आजोबांनी चपला काढल्या, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. “कडू आहे गं. आमचं असं नव्हतं.”

कारण विचारल्यावर त्यांनी मला केमिस्ट्री शिकवली! खारं पाणी आटताना आधी जिप्सम बसतं, साधारण २५ बोमे डिग्रीला मीठ धरायला लागतं आणि तिशीच्या आसपास कडू मॅग्नेशियमचं पाणी उरतं. मिठागरात ते वेळेवर सोडून देतात. रणात सोडणार कोण?

“मीटर मुकादमाकडे असायचा,” आजोबा म्हणाले, “पण मी बोटांना पाणी किती चिकटतं त्यावरून सांगायचो. मुकादम मलाच विचारायचा.” हे त्यांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं म्हणा.

तंबूत परतलो तर गरबा रंगात आला होता. आई सरळ नाचायलाच गेली. आजोबा मात्र पाय धुवायला गोडं पाणी शोधत होते. मिठागरातून घरी आल्यावर त्यांचं पहिलं काम तेच असायचं.