शिबिर घेणाऱ्याचं शिबिर

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'कॅम्प' हा शब्द वेगळ्याच अर्थानं यायचा. त्यांचा कॅम्प सुट्टीतला नव्हता. 1947-48 मध्ये निजामाविरुद्ध लढणारी पोरं हैदराबाद संस्थानाची सरहद्द ओलांडून पलीकडे राहत, कवायत करत, हत्यार धरायला शिकत. उमरखेडसारख्या ठिकाणच्या त्या तळांना मराठवाड्यात कॅम्पच म्हणत. 30 जानेवारी 1948 ला उमरीच्या बँकेवर धाड पडली, तिचा इतिहास या कॅम्पांशी जोडलेला आहे. लहानपणी त्या पिढीच्या गप्पा ऐकताना एक गोष्ट माझ्या मनात बसली: तिथं वीस पोरं ज्याच्या हाती सोपवायची, तो आधी स्वतः शिकून आलेला असे. चूक झाली तर जीव जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढं मी शिक्षक झालो आणि उन्हाळी शिबिरांत जवळजवळ चाळीस मे महिने काढले. आधी शिबिरार्थी, मग गटप्रमुख, मग कोठीवाला, म्हणजे शिधा सांभाळणारा, शेवटी शिबिरप्रमुख. आज मागं वळून पाहताना शिबिरातल्या मुलांपेक्षा शिबिर घेणाऱ्यांचाच विचार जास्त येतो. आम्हाला कुणी शिकवलं? काय शिकवलं? आणि काय शिकवायचं राहूनच गेलं?

शिबिरं आमच्याकडं उशिरा आली. नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे उन्हाळी वर्ग 1927 पासून भरत होते. त्यांचं नावच मुळी 'ऑफिसर्स ट्रेनिंग कॅम्प', म्हणजे शाखा चालवणाऱ्याला घडवण्यासाठी घेतलेला वर्ग. पुण्या-मुंबईकडं 4 जून 1941 ला राष्ट्र सेवा दलाची नव्यानं उभारणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले आणि शाखानायक तयार करणं हे दलाचं रोजचं काम बनलं. विचारांनी ही दोन टोकं. पण मुलांसमोर उभं राहणाऱ्याला आधी वेगळं बसवून शिकवायचं, हे दोघांनाही पटलेलं होतं. आमच्या गोदाकाठी त्या काळात साधी सभा घ्यायलाही निजाम सरकारची परवानगी लागे. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झालं, त्यानंतर कुठं ही वाट मोकळी झाली.

स्काउटमध्येही शिकवणाऱ्याला आधी शिकवायचीच पद्धत. बेडन-पॉवेलनं 1907 मध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं घेऊन पहिला तळ टाकला, ते सगळ्यांना माहीत असतं. मला त्यापेक्षा मोलाचं वाटतं ते 1919. त्या वर्षी सप्टेंबरात लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये स्काउट मास्तरांचा पहिला वर्ग भरला. मोठ्या, मिशा फुटलेल्या माणसांना मुलांसारखं पथकात घातलं, तंबूत झोपवलं, चूल पेटवायला लावली. शिकवायचं ते आधी स्वतः करून बघायचं, अशी ती रीत. शेवटी शिक्षण पुरं झाल्याची खूण म्हणून गळ्यात दोन लाकडी मणी. तोच धागा पुढं पचमढीच्या राष्ट्रीय केंद्रापर्यंत आणि आपल्या भोरच्या रामबागेपर्यंत आला. आमच्या तालुक्यातून एखाद-दुसरा गुरुजी तिकडं जाऊन यायचा. परतल्यावर त्याचं वागणंच बदललेलं दिसे. तो शिट्टी कमी वाजवायचा.

बाकीचे आम्ही पायऱ्या चढून शिकलो. त्या पायऱ्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्या आता मोडल्यात.

पहिल्या वर्षी तुम्ही शिबिरार्थी. प्रभातफेरी, श्रमदान, बौद्धिक, खेळ, सर्वधर्म प्रार्थना, सगळं दुसऱ्यानं सांगितलेलं करायचं. दुसऱ्या वर्षी आठ मुलांचा गट तुमच्याकडं. त्यात एक रडका असतोच, एक रात्री अंथरूण ओलं करणारा असतो, एक इतरांना चिमटे काढणारा. त्यांच्यासोबत सात दिवस काढले की माणूस पुष्कळ शिकतो. तिसऱ्या वर्षी कोठी. ऐंशी मुलांच्या नाश्त्याला किती पोहे लागतात, गोडं तेल कुठल्या दिवशी संपतं, भाजी संपल्यावर पिठलं किती वेळात होतं, हे वहीत मांडायचं. मला वाटतं, शिबिराचं खरं शिक्षण कोठीतच होई. बौद्धिक रंगलं नाही तरी चालतं, पण पंगत अर्धा तास उशिरा बसली तर अख्खं शिबिर कुरकुरायला लागतं. कोठी सांभाळलेल्या माणसालाच पुढच्या वर्षी वेळापत्रक आखायला देत. या सगळ्यात मोठा दादा किंवा ताई मागं उभी असे, बोलायची नाही, नुसती बघायची. रात्री मुलं झोपली की कंदिलाभोवती बैठक. आज कुणाचं काय चुकलं, ते नावानिशी सांगितलं जाई.

बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत मराठवाड्यातली पुष्कळ पोरं गेली. चंद्रपूर जिल्ह्यातलं मे महिन्यातलं ऊन, हातात कुदळ, आणि काल कुदळ धरलेला आज नव्या पोरांना रांगेत उभं करतोय. तिथंही शिकण्याची तीच पद्धत. गोष्ट सांगायची कशी, हे आम्ही साने गुरुजी कथामालेच्या लोकांकडून शिकलो. प्रकाशभाई मोहाडीकरांनी उभ्या केलेल्या त्या कामानं खेड्यापाड्यातल्या किती शिक्षकांना मुलांपुढं मांडी घालून बसायला शिकवलं असेल, त्याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. पुण्याच्या गरवारे बालभवनात शोभाताई भागवतांनी आणखी एक गोष्ट रुजवली. मुलाला 'गप्प बैस' न म्हणताही साठ मुलांचा वर्ग चालतो, फक्त मोठ्यांना ते शिकावं लागतं. हे मला कळलं तोवर माझी निम्मी नोकरी झाली होती. आधीच्या वर्षांत ज्या मुलांना मी उन्हात उभं केलं, त्यांची आठवण मला आजही टोचते.

पायऱ्यांनी आम्हाला पुष्कळ दिलं, पण त्यांच्यात एक मोठं भगदाड होतं. शरीराचं आम्हाला कुणीच शिकवलं नाही.

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा 43-44 वर जातो. अशाच एका शिबिरात मी मदतनीस होतो. दुपारी एकच्या सुमाराला श्रमदान लांबलं. सातवीतला एक मुलगा घमेलं टाकून बसला, मग आडवा झाला. अंग भट्टीसारखं तापलेलं, घाम नाही, बोलणं असंबद्ध. आम्ही काय केलं? कांदा फोडून नाकाशी धरला. एकानं तोंडात पाणी ओतायला घेतलं. एकानं घोंगडी पांघरायला आणली, कारण 'ताप आहे'. शेजारच्या शेतातल्या एका म्हातारीनं आम्हाला बाजूला सारलं, त्याचे कपडे काढले, अंगावर हापशाचं पाणी ओतलं आणि सुपानं वारा घालत बसली. मुलगा वाचला. बारा दिवसांच्या त्या शिबिरात आम्ही नऊ मोठी माणसं होतो, आणि ऊन लागलेल्या माणसाला आधी थंड करायचं असतं, शुद्ध नसताना तोंडात पाणी ओतायचं नसतं, हे एकालाही माहीत नव्हतं.

विंचवाचंही तेच. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून झोपणारी मुलं, आणि आजूबाजूला दगडांचे ढीग. विंचू चावला की मंत्र घालणारा शोधायचा, ही पद्धत मी स्वतः पाहिली आहे. आजच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा मुलगा, डॉ. हिंमतराव बावस्कर, कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून विंचूदंशावर काम करत होता. त्यांनी प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली आणि गंभीर विंचूदंशात सुमारे 40 टक्क्यांपर्यंत असलेलं मृत्यूचं प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आलं. त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, जगभर गेलं. मराठवाड्यातल्या शिबिरप्रमुखाच्या वहीत मात्र ते यायला फार वर्षं लागली.

लेखी नियमानं प्रशिक्षण आलं ते कॉलेजांत. 24 सप्टेंबर 1969 ला देशातल्या 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. 1972 च्या दुष्काळानंतर तिच्या शिबिरांनी 'दुष्काळाविरुद्ध तरुणाई' हाच विषय घेतला, आणि तो विषय आमच्या जिल्ह्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. या योजनेत कार्यक्रम अधिकारी म्हणून नेमलेल्या प्राध्यापकानं प्रशिक्षण घ्यायचं असतं, असं नियमच सांगतो. सात दिवसांचं शिबिर, खर्चाचा हिशोब, गावाची पाहणी, मुलींच्या निवासाची सोय, सगळं त्यात येतं. काही प्राध्यापक ते उरकून टाकतात, काही मनापासून घेतात. तरी पाया घातला गेला. ही शिबिरं आता बहुतेक हिवाळ्यात होतात, आणि ती कॉलेजच्या पोरांची. दहा-बारा वर्षांच्या लेकराला हाताळायचं शिक्षण त्यात नाही.

उन्हाळ्यात गंगाखेड तालुक्यातल्या गावोगावी खरोखर भरतात ती वारकरी बालसंस्कार शिबिरं. गंगाखेड हे संत जनाबाईचं गाव. दमा आणि करुंड यांची ही लेक लहानपणीच पंढरपूरला संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी गेली आणि दळता-कांडता नामदेवांच्या संगतीत शिकली. तेव्हा मूल दुसऱ्याच्या हाती सोपवणं आम्हाला नवं नाही. या शिबिरांत मुलं पहाटे उठतात, हरिपाठ पाठ करतात, पखवाज आणि टाळ शिकतात, गीतेचे अध्याय म्हणतात. शिकवणारे महाराज बहुतेक आळंदीला शिकून आलेले. विष्णुबुवा जोग यांनी 1917 मध्ये स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. चार वर्षं! उन्हाळी शिबिर घेणाऱ्यांत इतकं दीर्घ शिक्षण झालेला दुसरा माणूस मला आमच्या भागात दिसत नाही. त्याला ज्ञानेश्वरी येते, चाल येते, पाच तास न कंटाळता बसायची शिस्त येते. मग त्याच माणसाला प्रथमोपचाराचे दोन दिवस का मिळू नयेत? घर सोडून पहिल्यांदा महिनाभर राहिलेलं नऊ वर्षांचं पोर रात्री का रडतं, हे त्याला कुणी का सांगू नये? तो शिकायला तयार असतो. मी विचारलेल्यांपैकी एकानंही नाही म्हटलेलं नाही.

1990 नंतर वारं फिरलं. सेवा दलाच्या शाखा विरळ झाल्या. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर सेवा दलाच्या लोकांनी नळदुर्गला अनाथ मुलांसाठी 'आपलं घर' उभं केलं, ते आमच्या पिढीच्या शिबिरी शिक्षणाचं सगळ्यात मोठं फळ असं मी मानतो. पण मागून येणारी पोरं कमी झाली होती. लातूर पॅटर्नचा दबदबा वाढला आणि मे महिना फाउंडेशन बॅचनं गिळला. उरलेल्या दिवसांसाठी 'समर कॅम्प' आला: फी, टी-शर्ट, प्रमाणपत्र, शेवटच्या दिवशी स्टेजवर नाच. मी फी घेण्याच्या विरोधात नाही, फुकटात केलेलं काम चांगलंच असतं असंही नाही. माझी तक्रार एकच आहे. पूर्वीच्या दादानं निदान तीन उन्हाळे कुणाच्या तरी हाताखाली काढलेले असत. आता बारावी झालेल्या मुलाला आदल्या संध्याकाळी फोन जातो आणि सकाळी त्याच्यासमोर पन्नास मुलं उभी असतात. पायऱ्या गेल्या, त्यांच्या जागी काहीच आलं नाही.

कायदा मात्र पुढं गेला. 14 नोव्हेंबर 2012 पासून बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा लागू आहे. मुलावर असा अत्याचार झाल्याचं कळूनही न कळवणं हा त्यात गुन्हा आहे, हे शिबिरातल्या प्रत्येक ताई-दादाला ठाऊक हवं. साहसी उपक्रमांसाठी राज्य शासनानं 2014 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये नियम काढले, त्यामागं हिमालयात मुलगा गमावलेल्या आईबापांचा न्यायालयातला लढा होता. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या समुद्रात सहलीला गेलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, 14 जण गेले. त्या बातमीनंतर कितीतरी दिवस मला आमचे गंगेतले, म्हणजे गोदावरीतले, डोह दिसत होते. मे महिन्यात गोदावरी आटते, वाळू उघडी पडते आणि उपशानं झालेले खड्डे पाण्याखाली लपून राहतात. आम्ही मुलांना तिथं पोहायला न्यायचो. जोड्या लावायचो, शिट्टी झाली की दोघांनी एकमेकांचा हात वर करायचा, मग डोकी मोजायची. ते आम्हाला एका जुन्या दादानं शिकवलं होतं, कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आज शिबिरं घेणाऱ्या किती जणांना ते माहीत आहे?

मला मोठी संस्था नको, इमारत नको. आमच्या तालुक्यात शिबिर घेणारे पन्नास-साठ जण असतील: महाराज, क्रीडा शिक्षक, नाटक शिकवणारी पोरं, सेवा योजनेचे प्राध्यापक, समर कॅम्पवाले. त्यांना एकदा एका पंगतीला बसवा. पहिल्या दिवशी उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ऊन, विंचू, साप, बुडणं आणि जुलाब एवढंच शिकवावं. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रत्येकानं स्वतः कालवून बघावं. 108 ला फोन करताना ठिकाण कसं सांगायचं, त्याचीही तालीम घ्यावी. दुसऱ्या दिवशी एखाद्या बालवाडीच्या ताईंनी मुलांशी बोलायला शिकवावं, आणि एखाद्या वकिलानं कायदा सांगावा. रात्री कोठीचं काम याच माणसांनी करावं आणि नंतर गोल करून बसावं. महाराजांनी क्रीडा शिक्षकाला बसायची शिस्त द्यावी, क्रीडा शिक्षकानं महाराजांना खेळ द्यावेत.

आणि तुम्ही आईबाप असाल, तर पोराचं नाव घालताना फी विचारता तशी आणखी एक गोष्ट विचारा: रात्री माझ्या मुलाजवळ कोण झोपणार आहे, आणि तो काय शिकून आला आहे? उत्तर मिळालं नाही तर नाव घालू नका.

शाळांच्या परीक्षा एप्रिलअखेर संपतात. त्याआधीचे दोन रविवार पुरेत. जागा लागली तर माझ्या घराची गच्ची मोकळी आहे.