फी माफ झाली, पुढें काय?

महाविद्यालयाची फी माफ झाली म्हणजे गरीब विद्यार्थ्याची अडचण संपली, असा समज सुशिक्षित घरांतून रूढ आहे. कल्याण-डोंबिवलीस राहणारा मुलगा घरचें जेवून आगगाडीनें महाविद्यालयांत जातो. त्याच्यापुरता हा समज बहुतांशीं खराहि असेल. परंतु त्याच ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड-शहापूरच्या डोंगराळ भागांतून येणाऱ्या आदिवासी मुलास शहरांत आधीं निवारा लागतो, मग अन्न, आणि त्यानंतर पुस्तकें.

दलित विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ति हिंदुस्थान सरकारनें १९४४ सालीं सुरू केली. पुढें ती आदिवासींसहि मिळूं लागली. सरकारी वसतिगृहेंहि निघालीं. पण जागा थोड्या आणि मागणारे फार. म्हणून महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं ‘स्वयं’ योजना काढली. वसतिगृहांत जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्याच्या बँकेंतील खात्यावर थेट पैसे जमा करावयाचे, ही तिची रीत. ठाणें शहरासाठीं आरंभीं वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजनास ३२,०००, निवासास २०,००० आणि निर्वाहास ८,०००.

मात्र रकमेइतकेंच महत्त्व वेळेचें. खोलीचें भाडें महिन्याच्या महिन्यास द्यावें लागतें. खानावळवाला मंजुरीची वाट पाहात नाहीं. पीक करपल्यावर आलेला पाऊस शेतकऱ्याच्या काय कामाचा? परीक्षेनंतर हातीं पडणाऱ्या पैशाचें तसेंच आहे. अशा साह्याची खरी कसोटी मंजुरीच्या कागदावर होत नाहीं. तो मुलगा दुसऱ्या सहामाहीसहि वर्गांत बसलेला दिसतो कीं नाहीं, यावरच ती होते.